बेचाळीस जण कामी आले

एका गावात दोन छापखाने होते, तेही एकाच आळीत, समोरासमोर. एकाचा मालक जेवून खाऊन सुखी होता. दुसऱ्याच्या पोटात कायम दुखत असे. ही गोष्ट त्या दुसऱ्याची आहे.

त्यांचे नाव केसोपंत. विद्या भरपूर, अक्षर वळणदार, जीभ तिखट. दर सोमवारी त्यांचे 'डंका' नावाचे वृत्तपत्र निघे. समोरच्या छापखान्यातून रखमाजीचा 'सांगावा' निघे. हा रखमाजी पूर्वी डाक वाहणारा होता. काठीला घुंगरू बांधून वीस वर्षे लोकांची पत्रे घेऊन पळाला. पाय थकले तेव्हा त्याने छापायचा एक दगड घेतला आणि पत्रांऐवजी बातम्या पोचवू लागला. ऱ्हस्व-दीर्घाचा त्याला गंध नव्हता. 'सांगावा' हातात आला की केसोपंत लाल शाईने त्यातल्या चुका काढत बसत. एका पानात एकोणीस चुका सापडल्या त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले.

त्या वर्षी राज्यात यादवी माजली. म्हातारा राजा वारला आणि त्याच्या दोन मुलांत गादीवरून तलवारी निघाल्या. निम्मा मुलूख थोरल्याकडे, निम्मा धाकट्याकडे. मामा एका छावणीत तर भाचा दुसरीत. हे गाव, घाटवड, थोरल्याच्या बाजूचे. गाव नदीकाठचे, माणसे पाण्याला सरावलेली, म्हणून थोरल्याने तिथले बेचाळीस गडी मागून नेले. त्यांत रखमाजीचा एकुलता एक मुलगा सटवाजी होता. केसोपंतांच्या बायकोचा, लाडूबाईंचा, पाठचा भाऊ नरहरीही होता.

लढाई लांब आणि माणसे घरची. बातमीवाचून घास कसा उतरणार? डंका निघाला की पारावर एक जण मोठ्याने वाची आणि वीस जण ऐकत. दुपारपर्यंत ती बातमी बैलगाडीत बसून शेजारच्या चार गावांना जाई. वाटेत तिला शिंगे फुटत, शेपूट फुटे. पारावर दोनशे मेलेले असत, ते वेशीपर्यंत पाचशे होत.

पहिला मान नेहमी केसोपंतांचा. कुठे तोफेचा आवाज झाला असे कुणी म्हणाले की डंक्यात लढाई जिंकून झालेली असे. एकदा तर त्यांनी थोरल्या राजाला तोफगोळा लागून तो गेल्याचे छापले, काळी चौकट घालून, वर चार ओळींचा श्लोकही रचून. पाचव्या दिवशी एका व्यापाऱ्याने त्याच राजाला अंगाला तेल लावून घेताना पाहिले. काळी चौकट निघाली त्याच सोमवारच्या सांगाव्यात होते, 'थोरल्या राजांविषयी लोक नाना बोलतात. आम्हांस अजून कळले नाही.' आणि खाली तळहाताएवढी जागा कोरी सोडलेली.

रखमाजीची ही रीतच होती. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांकडून एकच गोष्ट आली, तर ती खरी धरायची. याला तो 'दोन हातांची बातमी' म्हणे. एकाच हाताने आली तर जागा कोरी. त्यामुळे त्याचा अंक कधी कधी निम्मा पांढरा निघे.

आणि गाव काय करी? डंका शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेई, धोतरे झटकून उठे आणि विचारी, "बरं, सांगाव्यात काय आलंय?"

केसोपंत खिडकीत बसून हे ऐकत. त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. आजवर त्यांनी बऱ्याच जणांचा मत्सर केला होता. वर्गातल्या सोबत्याचा केला, मेव्हण्याचा केला, कीर्तनात पुढे बसणाऱ्या एका तबलजीचासुद्धा केला. पण कोऱ्या कागदाचा मत्सर करायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

एक दिवस तर कहर झाला. तांदळाच्या डब्यात हात घातला तर आत घडी घालून लपवलेला सांगावा निघाला.

"हे काय आहे?" केसोपंतांनी विचारले.

लाडूबाईंनी डब्याचे झाकण लावले. मग म्हणाल्या, "नरहरीची काळजी वाटते हो. तुमचा डंका वाचला की छातीत धडधडतं. मग हा वाचते, तेव्हा जरा थांबतं."

केसोपंत पानावर बसले नाहीत. रखमाजीचा सांगावा गावाने वाचावा हे एक वेळ सोसले असते, पण घरच्या तांदळात? त्यांनी मनाशी ठरवले, या लढाईतली सर्वांत मोठी बातमी मी देईन. रखमाजीच्या आधी देईन. ती खरी निघेल आणि मग बघू तांदळात काय सापडते ते.

पंधरा दिवसांनी धोंडघाटावर दोन्ही फौजांची गाठ पडली, असे उडत उडत कानावर आले. कोण जिंकले, कोण राहिले, कुणालाच ठाऊक नव्हते. केसोपंत सकाळीच उठून तीन कोसांवरच्या डाकचौकीवर जाऊन बसले. डाकस्वार तिथे घोडा बदलत असे. सरकारी थैली आधी वरच्या ठाण्यात पोचवायची आणि खाजगी पत्रे मग वाटायची, असा डाकेचा नियम होता. त्यामुळे गावातल्या पत्राला दुसऱ्या दिवसाची दुपार होई. चौकीवर पत्र बघायला मिळाले तर पुरा एक दिवस हातात येणार होता.

स्वार आला. केसोपंतांनी विचारले, "घाटवडचं काही आहे?"

"एक आहे. सांगाव्याच्या रखमाजीचं."

पत्राला लाख नव्हती, नुसती घडी होती. केसोपंत इकडे तिकडे पाहत म्हणाले, "मी सांगाव्याचाच माणूस. जरा नजर टाकतो." हे म्हणताना त्यांच्या जिभेला चटका बसला. पण गरज पडली की माणूस ज्याच्यावर जळतो त्याचेच नाव सांगतो.

स्वार म्हणाला, "घोड्याला खोगीर चढेपर्यंत बघा. मग परत द्या."

पत्र छावणीतल्या मल्हारी कोठीवाल्याचे होते. दाणापाणी, घोंगडी, तूप यांचे कोठार सांभाळणारा हा माणूस. त्याने लिहिले होते, 'रखमाजी यांस रामराम. पाठविलेली घोंगडी कामी आली. सुंभाचे दोर फार कामी आले. परवा धोंडघाटावर मोठी गाठ पडली, त्यात आपले बेचाळीसही जण कामी आले. बाकी मागून लिहितो.'

घोंगडी आणि सुंभ यांच्याशी केसोपंतांना काय कर्तव्य? त्यांची नजर त्यांवरून उडी मारून पुढे गेली आणि 'धोंडघाट' या शब्दावर चिकटली. बेचाळीस जण कामी आले! म्हणजे सगळे पडले. एकही उरला नाही.

इथे खरे ते सांगितले पाहिजे. त्यांच्या मनात पहिल्यांदा काय आले? 'रखमाजीला हे अजून माहीत नाही.' हे पहिले आले. नरहरी दुसरा आला. या नरहरीने लहानपणी त्यांच्याच मांडीवर बसून बाराखडी गिरवली होती. डोळे भरून आलेसुद्धा. पण ते पुसून केसोपंत भराभर गावाकडे चालू लागले.

घरी त्यांनी बायकोला काही सांगितले नाही. घरात सांगितले तर आळीत जाईल, आणि आळीत गेले तर रखमाजीला कळेल. लाडूबाईंनी वाढले ते त्यांनी मुकाट्याने खाल्ले. त्या म्हणाल्या, "नरहरी आला की त्याला असंच वरण करीन." केसोपंतांनी मान हलवली आणि हात धुवून छापखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डंक्याचे जादा पान निघाले. 'घाटवडचे बेचाळीस वीर धोंडघाटावर पडले!' बातमी एका ओळीची, तिने पान कसे भरणार? म्हणून केसोपंतांनी थोडे आपल्या पदरचे घातले. 'आमच्या खास माणसाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. धाकट्याची फौज आता नदीच्या रोखाने निघाली आहे.' ही दोन वाक्ये लिहिताना त्यांना जराही अडखळायला झाले नाही. बातमी खरीच आहे, मग ती कुणी पाहिली याने काय फरक पडतो, असे त्यांना वाटले.

पारावर पान वाचून संपायच्या आतच पहिला टाहो फुटला. मग दारोदार. कुणी बांगड्या फोडल्या, कुणी कुंकू पुसले, चुली विझल्या. लाडूबाईंना भावाचे मरण शेजारणीच्या रडण्यातून कळले. त्या छापखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काल जेवताना तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारले.

केसोपंत कागद नीट लावत राहिले. लाडूबाई परत गेल्या. त्या दिवशी 'सांगाव्यात काय आलंय' असे मात्र कुणी विचारले नाही. केसोपंतांच्या ते लक्षात आले. आणि इतक्या आकांतातही त्यांना बरे वाटले.

हैबतराव पाटलांनी गाव नदीच्या घाटावर बोलावले. आपले गडी पडले, फौज येते आहे, आता गाव वाचवायचे तर एकच उपाय. नदीचे पात्र रुंद, ओढ मोठी, नावांशिवाय पार होणे कठीण. गावच्या आठ नावा होत्या. त्या राहिल्या तर रात्रीतून शत्रूचा कुणी पोहून येईल आणि सोडून नेईल. पाटील म्हणाले, "नावा जाळून टाका." नावाड्यांनी आपल्याच नावांवर गवत पसरले.

भर दुपार झाली होती. इतक्यात रखमाजी घाटाच्या पायऱ्या उतरत धावत आला. हातात तेच पत्र.

"पाटील, थांबा! पोरं जिती हायत!"

त्याने पत्र वाचून दाखवले. "ह्यो मल्हारी कोठीवाला. आठ वरसं मला पत्रं लिवतोय. लढाईची बोली त्येला ठावं न्हाई. त्येचं तूपबी कामी येतं, पोतंबी कामी येतं. माणसं उपेगी पडली, एवढंच म्हणतोय त्यो. मेली असती तर 'देवाघरी गेली' लिवलं असतं त्यानं. त्येचा भाऊ गेला तवा तसंच लिवलं हुतं."

गाव घुटमळले. मशाल खाली आली. पण पाटलांनी रखमाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"रखमाजी, तू बाप हायेस. तुझं मन घेत न्हाई, ते आमाला कळतंय. पर लढाईत माणूस कामी आला म्हंजी काय, हे कुणाला शिकवतोस? आन् तूच सांगतोस न्हवं, दोन हातांनी आली ती बातमी खरी? एक हात हे पत्र. दुसरा हात पंतांचा माणूस. त्यानं डोळ्यांनी बघितलंय."

रखमाजीचाच नियम त्याच्या आड आला होता.

पाटील वळले. "काय पंत? तुमच्या माणसानं बघितलं न्हवं?"

सगळे घाटवड केसोपंतांकडे पाहू लागले. केसोपंतांना आता घोंगडी आठवली. सुंभाचे दोर आठवले. रखमाजी बोलला त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, हे त्यांना लख्ख कळले. दुसरा हात कुठे होता? पत्र तेच, ओळ तीच, डोळे त्यांचेच. दोन्ही हात एकाच अंगाचे होते, आणि हे अख्ख्या गावात त्यांना एकट्यालाच माहीत होते.

बोलायचे तर काय बोलायचे? दुसऱ्याचे पत्र उघडले म्हणून? 'मी सांगाव्याचा माणूस' असे चौकीवर म्हणालो म्हणून? उद्या पारावर काय बोलतील? रखमाजी खरा, पंत लबाड. ती लाल शाई, ते श्लोक, ती विद्या, सगळे त्या पळणाऱ्याच्या पायाखाली जाणार.

"डंक्यात आलं आहे ते आलं आहे," केसोपंत म्हणाले.

मशाल लागली. पहिली नाव वाळल्या काटकीसारखी पेटली. केसोपंतांनी स्वतःला समजावले की कदाचित गडी खरेच मेले असतील. दुसरी पेटली, तिसरी पेटली. त्यांना वाटले, आता पाटीलच थांबतील. चौथ्या नावेचा नावाडी पाण्यात उभा राहून रडत होता. पाचवी पेटली तरी केसोपंतांचे ओठ शिवलेलेच. सहावी गेली.

तेव्हा रखमाजी वाद घालायचा थांबला. तो सरळ पाण्यात उतरला आणि सातव्या नावेत गवतावर जाऊन बसला.

"आता ही मला घेऊन जाळा," तो म्हणाला. "माझा सटवाजी उद्या पल्याड येऊन हाक मारंल. तवा त्येला नाव नको का?"

केसोपंतांनी ते पाहिले आणि त्यांना काय वाटावे? हेवा वाटला. एका कोठीवाल्याच्या एका शब्दावर हा माणूस आगीत बसतो, आणि आपल्याला आपल्याच लिहिण्यावर बोट ठेवायची छाती नाही. हा हेवा मात्र नेहमीसारखा आत कुढत बसला नाही. तो ओरडत बाहेर आला.

"थांबा! माझा कुणी माणूस नाही! कुणी काही पाहिलेलं नाही! हेच पत्र मी चौकीवर चोरून वाचलं. घोंगडीची ओळ गाळली आणि बाकीचं मनचं लिहिलं!"

मशाल पाण्यात पडली. पाटील केसोपंतांसमोर आले. आजवर ते त्यांना पंत म्हणत, अहो-जाहो करत. आता म्हणाले, "मग हे मघा का न्हाई बोललास?"

केसोपंत पाण्यात उतरले आणि आठव्या नावेवरचे गवत काढू लागले.

दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर पलीकडच्या तीरावर हाका ऐकू आल्या. बेचाळीस गडी. सगळे जिवंत. धोंडघाटावर त्यांनी छातीभर पाण्यात उभे राहून दोर धरले होते आणि थोरल्याची फौज पार नेली होती. ते असे कामी आले होते. थोरला जिंकला होता. पण धाकट्याच्या पांगलेल्या फौजेतले स्वार सूड घेत मुलूखभर हिंडत होते, आणि त्यांतली एक टोळी या गड्यांच्या मागावर होती. दूर धूळ दिसत होती.

आठ नावा असत्या तर बेचाळीस माणसे एका खेपेत आली असती. नावा दोन होत्या. एकीत आठ बसले, दुसरीत नऊ. पहिल्या खेपेला सतरा आले. दुसऱ्या खेपेला सतरा आले. त्यांत सटवाजी होता. नावाडी हात सोलून निघेतो वल्ही मारत तिसऱ्यांदा निघाले आणि मधल्या धारेत होते, तोच स्वार पलीकडच्या तीरावर पोचले.

मागे आठ जण राहिले होते. "पोरंबाळं असलेले आधी बसा" म्हणत दोन्ही वेळा नरहरी मागे सरला होता. त्या आठांतल्या कुणी पाण्यात उडी घेतली, कुणी हातातली काठी उगारली. गाव अलीकडच्या तीरावरून बघत राहिले. थोड्या वेळाने स्वार निघून गेले आणि पलीकडून हाक येईनाशी झाली. डंक्याची बातमी आठ घरांपुरती खरी ठरली.

रखमाजी मुलाला मिठी मारून रडत होता. खरे सांगायचे तर, ते बघूनही केसोपंतांच्या पोटात तीच जुनी कळ उठली. सवय अशी जात नाही. मग ते पायऱ्या चढू लागले. वर गर्दीच्या मागे लाडूबाई उभ्या होत्या. तिथून त्यांना पलीकडचे चेहरे दिसले नव्हते.

केसोपंत त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. या गावात आजवर एकही बातमी त्यांच्या तोंडात एवढी अडली नव्हती. लाडूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते आधीच छापलं होतंत."

तात्पर्य: मत्सरापोटी ज्याला सगळ्यांच्या आधी बोलायचे असते, त्याला खरे बोलायला उशीर होतो, आणि त्या उशिराची शिक्षा बहुधा दुसरेच भोगतात.